गेलेला स्लाइस परत का येतो, आणि शेजाऱ्याचा उपाय तुम्हाला का लागू पडत नाही

गोल्फमध्ये ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, मारला की चेंडू विळ्यासारखा बाक घेत उजवीकडे जातो आणि झाडीत नाहीसा होतो. हाच स्लाइस. दोन शिकवण्या होतात, चेंडू सरळ जायला लागतो. विद्यार्थी खूश, मीही खूश. मग पंधरा-वीस दिवसांनी फोन: "सर, काहून कोणास ठाऊक, पुन्हा उजवीकडेच जाऊन राहिला." नागपुरात गोल्फ शिकवायला लागल्यापासून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच.

हे लिहिताना उजव्या हाताने खेळणारा डोळ्यासमोर आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

आधी सांगा, चेंडू निघाला कुठे

चेंडू कुठे पडला ते सगळेच सांगतात. मला तो कोणत्या दिशेने निघाला ते हवं असतं. क्लब आणि चेंडू एकमेकांना लागलेले असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात हातांनी काही सावरता येत नाही, त्यामुळे "मारताना मनगट फिरवा" हा सल्ला मी कुणाला देत नाही. जे काही व्हायचं ते त्याआधीच ठरलेलं असतं आणि चेंडूची वाट ते सगळं सांगून टाकते.

पूर्वी असं शिकवायचे की चेंडू स्विंगच्या मार्गावर निघतो आणि नंतर फेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा चेहरा, बघत असतो तिकडे वळतो. रडारने मोजमाप व्हायला लागलं तेव्हा कळलं की गोष्ट जवळजवळ उलटी आहे. चेंडू मुख्यतः फेसच्या दिशेने निघतो, आणि फेस व मार्ग यांच्यात जितका फरक तितका वळतो. म्हणजे चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळला, तर क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून स्वतःकडे, खूपच ओढला जातोय. सरळ निघून उजवीकडे वळला, तर फेस ठीक आहे, मार्ग चुकतोय. आणि उजवीकडे निघून आणखी उजवीकडे गेला, तर फेसच सताड उघडा आहे, तिथे मार्गाशी झटापट करण्यात अर्थ नाही. तिन्हींना आपण एकच नाव देतो, स्लाइस. इथूनच गडबड सुरू होते.

चौथा प्रकार लपून बसतो. स्विंग बरा, ग्रिप (क्लब धरायची पकड) बरी, पण ड्रायव्हरच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला चेंडू लागतो. तिथे लागलं की ड्रायव्हरचं डोकं किंचित वळतं, आणि चेंडूला त्या फटक्यानेच उजवीकडे वळणारी फिरकी मिळते. अशा माणसाचा स्विंग बदलायला गेलात तर चांगला स्विंग हातचा जाईल.

आणि हो, "नऊ नंबर तर सरळ जातो, मग ड्रायव्हरच काहून बिघडला?" हा प्रश्न. ड्रायव्हर काही वेगळा बिघडलेला नसतो. नऊ नंबरच्या क्लबचा फेस खूप मागे कललेला असतो, त्यामुळे चेंडूला उलटी फिरकी भरपूर मिळते आणि तीच चूक वळण बनून दिसत नाही. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा हा कल, दहा-बारा अंशांचा. तो काही झाकून ठेवत नाही. माझ्या मते विद्यार्थ्याचा खरा मित्र ड्रायव्हरच, फक्त मित्राचं तोंड जरा फटकळ आहे.

माझी चूक

सुरुवातीची काही वर्षं माझ्याकडे एकच औषध होतं: ग्रिप. डावा हात उजवीकडे फिरवा, वरून बघितलं तर दोन-अडीच पेरं दिसली पाहिजेत. बऱ्याच जणांना ते लागू पडलं, म्हणून मी ते सगळ्यांनाच द्यायला लागलो. बँकेतले एक साहेब होते. त्यांचा स्लाइस आठवड्यात गेला. दोन महिन्यांनी चेंडू डावीकडे इतका वळायला लागला की शेजारच्या फेअरवेवरचे, म्हणजे बाजूच्या गवताच्या पट्ट्यावरचे लोक ओरडायचे, वर मनगट दुखायला लागलं ते वेगळंच. नंतर त्यांचा जुना व्हिडिओ शांतपणे पाहिला तेव्हा दिसलं की ग्रिपला काही झालंच नव्हतं. ते लक्ष्याच्या बरेच डावीकडे रोखून उभे राहायचे, स्लाइसला जागा ठेवायची म्हणून. पाय डावीकडे, खांदे डावीकडे, मग क्लबही डावीकडेच ओढला जायचा, आणि वळण वाढायचं. वळण वाढलं की ते आणखी डावीकडे उभे राहायचे. मी मधल्या मध्ये ग्रिप बदलून ठेवली. पुढे ते यायचे बंद झाले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

पहिली दहा मिनिटं चेंडू नाही

तेव्हापासून नवा माणूस आला की चेंडू मारायच्या आधी त्याचं सामान बघतो. ग्लोव्ह उलटा करून तळवा बघायचा. तळव्याच्या टाचेशी, करंगळीच्या बाजूला भोक पडलं असेल तर क्लब बोटांत न धरता तळव्यात धरला जातोय आणि स्विंगमध्ये सरकतोय. हे तो माणूस कधीच सांगणार नाही, कारण त्याला ते माहीतच नसतं. ग्लोव्हला माहीत असतं.

मग दांड्यावरची रबरी ग्रिप. नागपूरकरांसाठी हे वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आपल्यातले निम्मे लोक पूर्ण किट गाडीच्या डिकीत ठेवतात, कारण रोज वर कोण चढवणार. बंद डिकीत रबर भाजतं, कडक होतं, चकाकायला लागतं. ग्रिपखालची चिकटपट्टी सैल झाली तर अख्खी ग्रिपच किंचित फिरते. गुळगुळीत दांडा धरायला माणूस मुठी आवळतो, मुठी आवळल्या की कोपरापर्यंतचा हात लाकडासारखा होतो, आणि तसला हात फेस वेळेवर बंद करू शकत नाही. नवतपा संपत आला की माझ्याकडे स्लाइसच्या तक्रारी वाढतात; पावसाळ्यात हाताला घाम राहतो तेव्हा पुन्हा. दोन्ही वेळा पहिला उपाय एकच: कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश. ग्रिपा घासायच्या, सावलीत वाळवायच्या, क्लब घरात ठेवायचे. काही जणांची शिकवणी तिथेच संपते. त्या दिवसाचे पैसे घ्यायला जीव होत नाही, तरी घेतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरचा चेहरा. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर घ्यायचा, चेंडूच्या मागच्या बाजूला हरभऱ्याएवढा ठिपका काढायचा आणि तो ठिपका क्लबकडे करून चेंडू टीवर, म्हणजे जमिनीत रोवायच्या छोट्या खुंटीवर, ठेवायचा. मारल्यावर ठिपका फेसवर उमटतो. दहा चेंडूंत दहा ठिपके. ओल्या कपड्याने पुसून टाकता येतात.

तीन माणसं, एकच आजार

धरमपेठेतल्या एक डॉक्टर बाई. त्यांचे दहाच्या दहा ठिपके टाचेकडे, अंगठ्याएवढ्या जागेत, एकावर एक. इतकी सातत्याने चूक करणारी व्यक्ती खरं तर गुणी असते. ड्रायव्हर यजमानांचा, पंचेचाळीस इंची, आणि बाई तो अगदी टोकाला धरायच्या. खाली येताना वजन पायाच्या बोटांवर जायचं आणि क्लब चेंडूच्या पलीकडे पोचायचा. एक इंच खाली धरायला सांगितलं, वजन तळपायाच्या मध्यावर. ठिपके मध्यावर सरकले, चेंडू सरळ झाला. बाईंना कारण कळल्याशिवाय काही पटत नाही, म्हणून टाचेकडच्या फटक्याचं गणित कागदावर काढून दिलं. तीन आठवड्यांनी त्यांनी फेसचा फोटो पाठवला. ठिपके परत टाचेकडे. फोनवर विचारलं, कुठे धरताय? जरा वेळ शांतता. "मिस्टर म्हणाले, टोकाला धरलं की लांब जातो." मी मिस्टरांना काही बोललो नाही. बाईंनी काय बोलायचं ते बोलल्या असाव्यात, कारण त्यानंतर फोटो आला नाही.

दुसरा, सोळा वर्षांचा मुलगा. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ लागोपाठ रणजी जिंकल्यापासून आणि परत २०२४-२५ ला जिंकल्यापासून इथल्या प्रत्येक गल्लीत एक होतकरू फलंदाज आहे. हा त्यातलाच, आणि खरंच चांगला. कव्हर ड्राइव्ह बघत राहावा असा. तोच त्याचा स्लाइस. डावं कोपर उंच, बॅटचा चेहरा ऑफ साइडकडे उघडा ठेवून चेंडू ढकलायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याला फेस आणि मार्ग समजावत बसलो असतो तर जांभया दिल्या असत्या. म्हटलं, "लेगस्टंपवरचा चेंडू आहे, मिडविकेटला फ्लिक कर, पण खाली ठेव." सहाव्या चेंडूला जमलं. मी काय वेगळं सांगितलं हे त्याच्या वडिलांना अजून कळलेलं नाही. पण नेट्सचे दिवस आले की कव्हर ड्राइव्ह परत येतो आणि त्याच्यासोबत स्लाइसही. त्याचा फलंदाजीचा हात मी बिघडवणार नाही, ते माझं काम नाही. म्हणून ठरलंय की नेट्सच्या दिवशी गोल्फ नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पंधरा फटके दोन्ही हात दांडीवर एकमेकांपासून चार बोटं लांब ठेवून, अर्ध्या स्विंगचे. हात लांब असले की कोपर उंच ठेवून चेंडू ढकलताच येत नाही, हात आपोआप एकमेकांवर फिरतात.

तिसरे कामठीचे निवृत्त कर्नलसाहेब. यांच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात जास्त शिकलो. वय सत्तरीकडे, उजवा खुबा आखडलेला. मागे वळताना कंबर वळत नाही, म्हणून हात नुसते वर उचलले जातात आणि खाली येताना खांदा पुढे फेकला जातो. पुस्तकात दाखवतात तसं वळण त्यांच्याकडून करून घ्यायचं ठरवलं असतं तर खुब्याचा डॉक्टर शोधावा लागला असता. उजवं पाऊल बाहेर फिरवलं आणि अर्धं पाऊल मागे घेतलं. मागे जाताना डावी टाच उचलली तरी चालेल म्हटलं. कंबर वळायला लागली. साहेबांना लांबलचक कारणं नको असतात. "एकच हुकूम द्या," म्हणाले. हुकूम दिला: टाच उचला, टाच टेका, मग मारा.

पंचवीस दिवसांनी साहेब परत. टाच बरोबर उचलली जात होती, पाऊलही बाहेर होतं. मी दोन सकाळी नुसता मागे उभा राहिलो, काही दिसेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी फटका मारल्यावर त्यांना हलू दिलं नाही. चेंडू होता तिथे एक टी रोवली, डाव्या टाचेच्या आतल्या कडेशी दुसरी. चेंडूची टी टाचेच्या चांगली चार बोटं पुढे. पहिल्या दिवशी दोन्ही एका रेषेत होत्या. चेंडू उंच जावा म्हणून साहेब रोज तो थोडा थोडा पुढे सरकवत गेले होते, स्वतःच्याही नकळत. इतक्या पुढच्या चेंडूपर्यंत पोचायचं तर खांदे डावीकडे उघडावेच लागतात. साहेबांनी दोन टींमधलं अंतर वाकून बघितलं आणि म्हणाले, "शत्रू पुढे सरकला की हो. आणि पहारा झोपला होता."

आधी काय घसरतं, ते लिहून ठेवा

त्या दिवसापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या पानावर मी सगळ्यात वर एक ओळ लिहितो: याचं आधी काय घसरतं. स्लाइस परत आला की त्याची सुरुवात बहुतेक वेळा त्याच जागेपासून झालेली असते. साहेबांच्या पानावर "चेंडूची जागा". बाईंच्या पानावर "धरायची उंची". मुलाच्या पानावर "नेट्स". इतवारीच्या एका व्यापाऱ्यांच्या पानावर "मोबाइल", कारण ते रात्री झोपण्यापूर्वी व्हिडिओ बघतात आणि सकाळी चार नवे सल्ले घेऊन येतात. त्यांना मी एका महिन्यात एकच बदल सांगतो आणि बाकी सगळ्या सल्ल्यांना हसून मान डोलावतो.

परत आलेल्या स्लाइससाठी नवा उपाय शोधण्याआधी हे पान उघडायचं. शिकवणाऱ्यांनी तर नक्कीच. विद्यार्थी परत आला की आपल्याला वाटतं, आधीचं औषध कमी पडलं, आता दुसरं द्यावं. औषध बऱ्याचदा बरोबरच असतं, फक्त माणूस ते घ्यायचं थांबलेला असतो.

टेक्सासमधल्या ऑस्टिनचे गोल्फ शिक्षक हार्वी पेनिक यांच्याकडे टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ दोघंही लहानपणापासून शिकले. एकाची शिकवणी चालू असताना दुसऱ्याला ते बघू द्यायचे नाहीत. काइट १९९२ ला यूएस ओपन जिंकला, क्रेनशॉने पेनिक गेल्यावर आठवड्यानेच १९९५ ची मास्टर्स जिंकली. एकाला दिलेलं औषध दुसऱ्याच्या कानावर पडलं तरी तो घेऊन बघतो, ही भीती पेनिकना होती आणि ती अगदी खरी आहे. आपल्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, तर बाजूच्या मॅटवरचे काका शिकवतात, कॅडी शिकवतो, आणि सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बशी हातात घेऊनही कोणीतरी स्विंग दाखवत असतं. साहेबांनी टाच उचलायला सुरुवात केल्यावर आठवडाभर आणखी तिघं टाच उचलत होते. तिघांचेही खुबे ठणठणीत.

स्विंग सगळ्यांचा सारखा करायचाच नसतो, हे अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिककडे बघून कुणालाही कळेल. त्याचा क्लब वर जाताना वेगळ्या वाटेने जातो आणि वरून वळसा घेऊन खाली येतो. २०१६ मध्ये त्याच स्विंगने त्याने अमेरिकेच्या व्यावसायिक पीजीए टूरवर एका फेरीत ५८ फटके मारले. आपल्या जीव मिल्खा सिंगचा स्विंगही वळणदार, २००६ ची व्होल्वो मास्टर्स त्यानेच जिंकली. चेंडूला फक्त फेस आणि मार्ग कळतात, वरची नक्षी कळत नाही.

रेंजवर सरळ, मैदानावर उजवीकडे

रेंजवरची मॅट चौकोनी असते. तिच्या कडा तुम्हाला आयती दिशा देतात, वर तुम्ही बाजूला अलाइनमेंट स्टिक, म्हणजे दिशा दाखवणारी काठी, ठेवलेली. मैदानावर यातलं काहीच नसतं. पाय रोखायला जमिनीवर स्टिक किंवा क्लब ठेवून उभं राहणं नियम १०.२ मध्ये बसत नाही, आणि मारायच्या आधी उचलून घेतलं तरी दंड चुकत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजतात त्या प्रकारात, दोन फटके. स्पर्धेत मी सोबत चाललो तरी तुम्हाला स्विंगबद्दल काही सांगू शकत नाही, तोही सल्लाच धरला जातो. त्यामुळे पानावर लिहिलेली एक ओळ तुम्हाला स्वतःला तपासता आली पाहिजे, आणि तीही फटक्याच्या आधी. चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्याच्या रेषेत दोन-तीन फुटांवर एखादं वाळकं पान, जुना डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताची खूण), काहीतरी आधीच पडलेलं शोधायचं आणि फेस त्याच्याकडे रोखायचा. पाय नंतर.

सरावाचंही तेच. एकामागोमाग पन्नास ड्रायव्हर मारले तर शेवटचे तीस सरळच जातात, त्यात काही विशेष नाही. एक ड्रायव्हर, मग सात नंबर, मग वेज, प्रत्येक वेळी मागे जाऊन नव्याने रोखायचं. तीस चेंडू पुरे. कंटाळवाणं आहे, मान्य.

आता एक राहिलंच. एका विद्यार्थिनीचा स्लाइस मला सहा महिने पुरला. रेंजवर सरळ, सहा होल सरळ, सातव्याला उजवीकडे, आठव्याला परत सरळ. ग्लोव्ह बघितला, ठिपके बघितले, मानसिक आहे म्हणून श्वासही मोजायला लावला. शेवटी एका सोमवारी क्लब न घेता एकटाच सातव्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, गेलो आणि मॅटच्या मागे उकिडवा बसलो. मॅट फेअरवेकडे बघतच नव्हती. ती उजवीकडच्या कडुनिंबांकडे बघत होती, चांगली पंधरा-वीस पावलं चुकून. बाई मॅटच्या कडेला समांतर उभ्या राहायच्या, म्हणजे कडुनिंबांकडे रोखून, आणि शरीराला ते खटकायचं म्हणून चेंडू फेअरवेवर आणायला क्लब बाहेरून आत ओढायच्या. माळ्याला विचारलं तर म्हणाला, मागच्या पावसाळ्यात मॅट उचलली होती, परत ठेवताना हलली असेल. रविवारी बाई तिथे मॅटवर तिरप्या उभ्या राहिल्या, वाळक्या पानाकडे फेस रोखून, आणि मी मागून एक शब्द बोललो नाही.